मामीचा पासवर्ड

४ जून

ती. मामास,

साष्टांग नमस्कार, पण बसल्याबसल्याच. खुर्चीवरून उठले तर शेजारचा ती पळवतो. आमच्या ऑफिसात माणसं जास्त आणि खुर्च्या कमी आहेत.

मामा, माझा प्रोग्राम चालला! फोन केला असता, पण फोनवर तू नुसता ओरडतोस, ऐकत काही नाहीस. म्हणून पत्र. शिवाय उत्तरात तुझं ते पाटीसारखं अक्षर बघायला मिळतं.

हा प्रोग्राम हॉस्पिटलांच्या रक्तपेढ्यांसाठी आहे. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. नुसता काळा स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. सिस्टर आपलं नाव टाइप करते, मग पासवर्ड, मग रक्ताच्या पिशवीचा नंबर, आणि ती पिशवी तिच्या नावावर बाहेर जाते. यातला पासवर्ड विचारायचा भाग माझा. एकटीचा! आणि तो असा झालाय की पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. माझा प्रोग्राम आधी कॉम्प्युटरला बजावतो, 'आता येतील ती अक्षरं दाखवू नकोस.' मग ती गुपचूप घेतो, बरोबर आहेत का बघतो, लगेच स्वतःच्या आठवणीतून खोडून टाकतो आणि दाखवणं पुन्हा सुरू करतो. सांगायला चार वाक्यं, पण त्यांनी माझा जीव खाल्लाय.

साहेब बघून म्हणाले, "बरं आहे." आमच्या साहेबांचं 'बरं' म्हणजे दुसऱ्याची मिरवणूक समज.

मामीला सांग, तिच्या रक्तपेढीत आमच्याच कंपनीचा जुनापुराणा प्रोग्राम आहे. कधीतरी तिथेही माझा येईल. माझ्या मागच्या पत्राला तिनं उत्तर दिलं नाही. रागावली आहे का?

तुझी,
झिपरी

१३ जून

चि. झिपरीस,

आशीर्वाद. भरपूर पाठवलेत, कमी पडले तर उलट टपाली कळव.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. पाट्यांचा रंग वाळायची वाट बघत चार टाळकी बसली होती. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या बहिणीच्या पोरीनं कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिलाय, आणि तो चालू केला की काहीच दिसत नाही! त्यावर शेजारचा शिंपी म्हणतो, "हात्तिच्या, असा प्रोग्राम तर माझ्याकडेही आहे. लाइट गेले की आपोआप चालतो." सगळे खो खो हसले. झिपरे, भर दुकानात माझं नाक कापलंस!

अगं, मी जन्मभर पाट्या रंगवल्या. रस्त्याच्या पलीकडून चष्म्याशिवाय वाचता येत नाही ती पाटी कसली? आणि तू एवढी राबलीस ती काही दिसू नये म्हणून? निदान एकेका अक्षरामागे एक चांदणी तरी दाखव. दुसऱ्या ठिकाणी दाखवतात ना, तशी. सोनेरी असेल तर उत्तम. रंगाची छटा मी सांगतो. तुला नाही म्हणतील तर मला त्या तुझ्या साहेबांचा पत्ता दे.

आणि खरं सांगू? शिंपी गेल्यावर मी पत्र पुन्हा वाचलं. 'माझा, एकटीचा' हे दोन शब्द मला फार आवडले. मनातल्या मनात ते मी तीन फुटी अक्षरांत रंगवले.

मामी मजेत आहे. रजा साठली होती, म्हणून सध्या घरीच असते. डबे खाली काढते, पुसते, पुन्हा तसेच वर लावते. तुला आशीर्वाद सांगितलाय.

तुझा मामा

२१ जून

ती. मामास,

नमस्कार. शिंप्याला म्हणावं, लाइट गेल्यावर चालणाऱ्या प्रोग्रामात माणूस ठेचकाळतो, माझ्यात नाही.

चांदण्यांबद्दल साहेबही हेच म्हणत होते. मी ऐकलं नाही. का ते ऐक. पाठीमागे उभा असलेला माणूस त्या चांदण्या मोजतो. सहा चांदण्या म्हणजे सहा अक्षरं. म्हणजे कुलूप केवढं आहे ते आपणच चोराला सांगायचं! साहेबांशी तासभर हुज्जत घातली. शेवटी ते म्हणाले, "हट्टी आहेस, कुणावर गेलीस?" मी म्हटलं, मामीवर.

पण काल माझी चांगलीच जिरली. चाचणी घेणाऱ्या पोरानं पासवर्ड अर्धाच टाइप केला आणि मधेच कंट्रोल आणि सी ही बटणं दाबून प्रोग्राम बंद पाडला. दाखवणं माझ्या प्रोग्रामनं बंद केलेलं, आणि ते सुरू करायच्या आधीच तो मेला. मग पोरगं काय वाटेल ते टाइप करतंय आणि स्क्रीन ढिम्म. त्यानं कीबोर्ड उलटा करून झटकला, वायर काढली, फुंकली, परत घातली. नवा कीबोर्ड मागवायला निघाला. मी पोट धरधरून हसले, आणि मग लक्षात आलं की चूक माझीच आहे. आता ती निस्तरली. प्रोग्राम कसाही मरो, मरण्याआधी दाखवणं सुरू करूनच मरतो. हे बघितल्यावर साहेब 'बरं'च्या पुढे जाऊन "छान" म्हणाले.

एक काम कर. लोकांना वाटतं, काही उमटत नाही म्हणजे कीबोर्ड बिघडला. म्हणून वर एक ओळ दाखवायची आहे. थोडक्यात काय लिहू? तू पाटीवाला आहेस, सांग.

आता दुसरं. मामी आणि रजा? अंगात ताप असताना ड्यूटीवर गेलेली बाई ती. मामा, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय झालंय?

झिपरी

१ जुलै

चि. झिपरीस,

लिही : 'टाइप करा. अक्षरं दिसणार नाहीत.' एवढंच. 'कृपया' घालू नकोस, त्यानं अर्धी पाटी भरते आणि वाचत कुणी नाही.

आता भांडं बाहेर काढतो. बस खाली.

मे महिन्यातली गोष्ट. मामी ड्यूटी संपवून घरी आली, आम्ही जेवायला बसलो. त्याच वेळी तिकडे तिच्या नावावर, तिच्या पासवर्डनं रक्ताची एक पिशवी बाहेर गेली. चुकीच्या गटाची. वॉर्डातल्या सिस्टरनं लावायच्या आधी लेबल वाचलं म्हणून निभावलं. पेशंट ठणठणीत आहे, घरीसुद्धा गेला. पण चौकशी समिती बसली. मामी तेव्हा घरी होती हे सगळ्यांना मान्य आहे. मग समिती म्हणते, याचा अर्थ पासवर्ड हिनंच कुणाला तरी दिला. अधीक्षकांनी बोलावून सांगितलं, "दिला असं लिहून द्या, माफी मागा, सही करा आणि उद्यापासून कामावर या." ही म्हणाली, "दिला नाही, तर लिहू कशाला?" तेव्हापासून घरी बसवलीय.

वीस जुलैला शेवटची बैठक आहे. तोवर सही केली नाही तर कामावरून काढणार. निवृत्तीला वर्ष राहिलं नाही गं, आणि आता हा डाग! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला रात्री घास उतरत नाही. मी सांगून थकलो, पण पालथ्या घड्यावर पाणी. नाकावर माशी बसू देत नाही, तुला माहीत आहे. तुझं ऐकेल. तिला सही करायला सांग, बाळा. नोकरी राहील, चार दिवसांत लोक विसरतील.

मामा

६ जुलै

ती. मामीस,

साष्टांग नमस्कार. मामानं सगळं कळवलं. त्याच्यावर रागावू नकोस.

मामी, मी याच कामात आहे म्हणून सांगते. पासवर्ड कितीही जपला तरी घाईच्या वेळी कुणीतरी मागतं आणि माणूस देऊन टाकतो. आमच्याकडे तर सगळेच देतात. तूही कधीतरी दिला असशील आणि विसरली असशील. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सही कर आणि मोकळी हो.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू मला कडेवर घेऊन घरी आणलंस, मी एवढी मोठी असून. तेव्हापासून मी तुला कशाला घाबरलेली पाहिलं नाही. या असल्या कागदाला काय घाबरायचं?

तुझी झिपरी

९ जुलै

झिपरीस,

पासवर्ड मी कुणालाही दिलेला नाही. तुझ्या मामालासुद्धा माहीत नाही. सगळे देत असतील, मी म्हणजे सगळे नव्हे.

जेवण वेळेवर करत जा.

मामी

१० जुलै

चि. झिपरीस,

काय लिहिलंस गं तिला? तुझं पत्र वाचलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि दिवसभर डबे पुसत बसली. शेवटी मीच म्हटलं, अगं पोरीनं तुझ्या भल्यासाठीच लिहिलं. तर म्हणते कशी, "समितीनं म्हटलं त्याचं मला काही वाटलं नाही. ती परकी माणसं आहेत. हिनं म्हटलं."

मग जी उसळली म्हणतेस! जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत मला दाखवायला लागली. "हे बघा, मी काम कसं करते. एका ओळीत नाव, पासवर्ड, पिशवीचा नंबर, एंटर. टाइप करताना डावा हात स्क्रीनवर आडवा. मागे साक्षात अधीक्षक उभे असले तरी आडवा! सगळ्या जणी हसतात मला. आणि काम झालं की अख्खा स्क्रीन पुसून मगच उठते, कुणी बसायच्या आत. बाकीच्या तशाच उठून जातात. आणि मी पासवर्ड वाटत फिरते म्हणे!" एवढं बोलली आणि पाणी प्यायली. मी तिला एवढं बोलताना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

झिपरे, मला वाटतं ती खरं बोलते आहे. सही कर म्हणालो याची मलाच लाज वाटते आता. पण पुढे काय करायचं? नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच आहे.

मामा

१४ जुलै

मामा!

नमस्कारबिमस्कार नंतर. घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं!

'एका ओळीत' हे शब्द वाचले आणि मी ऑफिसात ताडकन उभी राहिले. खुर्ची गेली, जाऊ दे. हे पत्र उभ्यानं लिहितेय.

अरे, मामी स्क्रीन पुसते तो फळा पुसावा तसा नुसता वरून पुसला जातो. टाइप केलेली प्रत्येक ओळ कॉम्प्युटर आपल्या पोटात जपून ठेवतो, पुन्हा लिहायचे कष्ट वाचावेत म्हणून. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची ओळ जशीच्या तशी समोर येते. मामी उठली की पुढचा माणूस येऊन बसतो आणि बाण दाबतो. पहिल्यांदा येते ती स्क्रीन पुसायची आज्ञा. दुसऱ्यांदा मामीची अख्खी ओळ, नाव आणि पासवर्डासकट! शेवटचा नंबर तेवढा बदलायचा की पिशवी मामीच्या नावावर बाहेर. पासवर्ड कुणाला माहीत असायचीसुद्धा गरज नाही. म्हणूनच माझा प्रोग्राम पासवर्ड ओळीत घेतच नाही, वेगळा विचारतो. मी रोज हेच काम करते आणि मलाच कळलं नाही. उलट तिलाच शहाणपण शिकवायला गेले, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखी.

साहेबांकडे धावले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. तो जुना प्रोग्राम त्यांनीच लिहिलाय. म्हणाले, "कंपनीतर्फे कागदावर काही देता येणार नाही." मी म्हटलं, नका देऊ. बटण दाबायला कागद लागत नाही. नोकरीत मी अजून कच्ची आहे, पण त्या क्षणी मी काय बोलतेय याची मला जराही भीती वाटली नाही. संध्याकाळी ते आपण होऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "नवा प्रोग्राम सगळ्यात आधी त्यांच्याकडे पाठवू." आणि निघून गेले.

आता मामीनं एवढं करायचं. आधी पासवर्ड बदलून काहीतरी खोटाच ठेवायचा, म्हणजे खरा कुणाला दिसणार नाही. समितीसमोर नेहमीसारखं काम करायचं, हात आडवा धरून. स्क्रीन पुसायचा आणि उठायचं. मग अध्यक्षांना खुर्चीत बसवायचं आणि बाण दोनदा दाबायला सांगायचं. त्यांनी स्वतः, स्वतःच्या बोटानं. दुसऱ्या कुणी दाबलं तर हातचलाखी म्हणतील. आणि माझं नाव अजिबात घ्यायचं नाही. घरचीच पोर म्हणून उडवून लावतील.

मामीला सांग, मी चुकले. ती खोटं बोलेल असं मला क्षणभर तरी वाटलं कसं, याचा मला राग येतोय आणि रडूही. तिला आडव्या हातासाठी हसणाऱ्या सगळ्या जणींना मला भेटायचंय.

झिपरी

२३ जुलै

झिपरीस,

आशीर्वाद. तुझा मामा लिहिणार होता, मी लिहू दिलं नाही. तो वाढवून सांगतो.

वीस तारखेला गेले. इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेले. मामा म्हणाला, रजेवर असताना युनिफॉर्म कशाला? मी म्हटलं, मी रजेवर नाही, यांनी बसवलंय. तो बाहेर बाकावर बसला आणि दाराच्या काचेला नाक लावून राहिला. आत सगळ्यांना दिसत होता.

समितीपुढे माफीचा कागद तयारच होता, पेनसुद्धा. मी म्हटलं, आधी कॉम्प्युटर दाखवा. अधीक्षक म्हणाले, "बाई, वेळ घालवू नका, तो कॉम्प्युटर मी सकाळीच तपासलाय, ठीक आहे." अध्यक्ष म्हातारे आहेत, पण माणूस सरळ. म्हणाले, चला बघू. मग तू सांगितलंस तसं केलं. पुसलं आणि उठले. अध्यक्ष बसले. बाण दाबला. परत दाबला. माझी ओळ आली. त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा दाबला. माझ्याआधी बसलेल्या टेक्निशियनची आली. चौथ्यांदा दाबला तर अधीक्षकांची स्वतःची! तेव्हा अधीक्षक झटकन पुढे येऊन स्क्रीनसमोर उभे राहिले. मी म्हटलं, "साहेब, हात आडवा धरायची सवय करा." हे बोलायला नको होतं, पण बोलले.

मे महिन्यात त्या दिवशी संध्याकाळच्या ड्यूटीवर असलेला टेक्निशियन तिथेच होता. बिचारा पांढराफटक पडला. म्हणाला, म्हणजे ती पिशवी मीच काढली असणार, घाईत सगळेच बाण दाबतात, वर नाव कुणाचं आहे ते मी पाहिलंच नाही. त्याला मी काही बोलले नाही. त्यानं पिशवीचं लेबलही पाहिलं नव्हतं, त्याबद्दल मात्र बोलले.

माफीचा कागद अध्यक्षांनी फाडला. मला म्हणाले, उद्यापासून या. मी म्हटलं, घरी बसवताना सगळ्या स्टाफसमोर सांगितलं होतं, परत घेतानाही तसंच सांगा. काल सकाळी सांगितलं. अधीक्षकांनी स्वतः, मोठ्या आवाजात. मग मी ड्यूटीवर गेले.

तुझ्या पत्राचं मला वाईट वाटलं होतं. आता नाही. तो विषय संपला, रडू नकोस.

नाव घेऊ नका म्हणून तू बजावलं होतंस. त्याचं असं झालं. बैठक संपता संपता अध्यक्षांनी विचारलं, "हे समितीत कुणाच्या डोक्यात आलं नाही, तुम्हाला कुणी सुचवलं?" तोवर निकाल झाला होता, सह्या झाल्या होत्या, तेव्हा लपवायचं काही कारण नव्हतं. मी सांगितलं, माझ्या मुलीनं. ती हेच काम करते, आणि या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. लिहून घेणारा कारकून माझी फाइल उघडून बसला होता. पेन थांबवून म्हणाला, "पण बाई, नोकरीच्या कागदांवर तुम्हाला मूलबाळ नाही असं आहे."

मी म्हटलं, "कागद तुमचा आहे. मुलगी माझी आहे. लिहा."

त्यानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, लिहा. मग मी तुझं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यानं ते लिहीपर्यंत तिथेच उभी राहिले.

मामी